रबिक डिस्ट्रेस्ड: झिजलेल्या पोताचा गोलसर ठळक फॉन्ट, आणि मराठी शीर्षकात असा पोत कसा वापरायचा

टी-शर्टवर, कॉफीच्या पाकिटावर किंवा गेमच्या पोस्टरवर तुम्ही अशी अक्षरं नक्की पाहिली असतील: जाडजूड, कडा थोड्या गोल, आणि अंगावर ओरखडे. जणू जुन्या भिंतीवरचा रंग जागोजागी उडालाय. अशा फॉन्टना डिस्ट्रेस्ड फॉन्ट म्हणतात. गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारं याचं एक सोपं उदाहरण म्हणजे रबिक डिस्ट्रेस्ड.

या लेखात हा फॉन्ट कुठून आला, त्याच्या फाइलच्या आत काय असतं, वेबसाइटवर लावताना काय बिघडतं ते पाहू. आणि मराठी वाचकासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, असा पोत देवनागरी अक्षरांवर चढवला की कधीकधी शब्दच का बदलतो, तेही पाहू.

एका नजरेत

- प्रकार: डिस्प्ले फॉन्ट, म्हणजे मोठ्या शीर्षकासाठी
- मूळ फॉन्ट: रबिक
- पोत चढवणारे: एनएएन ही टाइप फाउंड्री, ल्यूक प्राउज
- लिपी: लॅटिन, सिरिलिक, हिब्रू. देवनागरी नाही
- वजन: एकच, रेग्युलर ४००
- लायसन्स: एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, व्यावसायिक वापरही मोफत

आधी तीन शब्द समजून घेऊ

*डिस्प्ले फॉन्ट:* फॉन्टचे ढोबळमानाने दोन गट पडतात. परिच्छेद वाचायला वापरतात तो टेक्स्ट फॉन्ट. लांबून लक्ष वेधून घ्यायला वापरतात तो डिस्प्ले फॉन्ट. डिस्प्ले फॉन्ट मोठ्या आकारात बघायचा असतो, त्यामुळे त्यात बारीक नक्षी, सावली, ओरखडे असं काहीही टाकता येतं. तोच फॉन्ट १६ पिक्सेलवर परिच्छेदाला लावला तर वाचणारा दोन ओळींत कंटाळतो.

*गोलसर:* अक्षराच्या रेषेचं टोक किंवा कोपरा टोकदार न ठेवता वळवलेला असतो. गोल कोपऱ्यांमुळे जाड अक्षरसुद्धा अंगावर येत नाही. लहान मुलांच्या वस्तू, खाऊची पाकिटं, गेम यांवर गोलसर अक्षरं जास्त दिसतात ती म्हणूनच.

*डिस्ट्रेस्ड:* मुद्दाम झिजवलेलं. नवी जीन्स फाटकी करून विकतात, तसलाच प्रकार. अक्षर नवंच असतं, पण ते खूप वापरलेलं, घासलेलं, अर्धवट शाई लागलेलं दिसावं म्हणून त्यातून बारीक तुकडे काढून टाकतात.

रबिक नाव का पडलं?

एर्नो रुबिक यांनी आपला प्रसिद्ध क्यूब १९७४ मध्ये हंगेरीत बनवला. २०१४ मध्ये त्याला ४० वर्षं झाली, तेव्हा गुगलने क्रोम क्यूब लॅब नावाचा प्रकल्प केला. त्यासाठी फिलिप ह्युबर्ट आणि सेबास्टियन फिशर यांच्या ह्युबर्ट अँड फिशर या स्टुडिओने एक फॉन्ट काढला. कल्पना अशी होती की प्रत्येक अक्षर क्यूबच्या एका छोट्या चौकोनात नेमकं बसावं. म्हणून रबिकची अक्षरं चौकोनी बांध्याची आणि किंचित गोल कोपऱ्यांची आहेत. पुढे हिब्रू भाग मेइर सदान यांनी, तर सिरिलिक भाग अलेक्सेई वान्याशिन यांनी नव्याने काढला. आज रबिक हा व्हेरिएबल फॉन्ट आहे आणि त्याचं वजन ३०० पासून ९०० पर्यंत कमीजास्त करता येतं.

रबिक डिस्ट्रेस्ड हा त्याच्या पुढचा टप्पा. एनएएनने रबिकच्या जाड अक्षरांवर एकामागून एक वेगवेगळे फिल्टर चालवले. कुठे ओला रंग ओघळतोय, कुठे बुडबुडे, कुठे धूळ, कुठे ओरखडे. रबिक वेट पेंट, रबिक बबल्स, रबिक डर्ट, रबिक ग्लिच ही सगळी त्याच घरातली भावंडं. हे फिल्टर म्हणजे पायथॉनमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट. अक्षराची बाह्यरेषा घ्यायची, तिच्यावर भूमितीची गणितं करायची आणि नवीन बाह्यरेषा बाहेर काढायची. लॅटिन, सिरिलिक आणि हिब्रूची शेकडो अक्षरं हाताने खरवडत बसायची गरज नाही. कोड लिहिणाऱ्याला हा विचार लगेच पटेल.

झिजलेलं अक्षर आवडायला कधीपासून लागलं?

झीज आधी खरी होती. अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी १८२७-२८ च्या सुमारास लाकडी टाइप यंत्राने मोठ्या प्रमाणात बनवायला सुरुवात केली. पोस्टरसाठी लागणारी मोठी अक्षरं शिशात ओतली की फार जड आणि महाग पडायची, लाकूड स्वस्त आणि हलकं. पण लाकूड वापरून वापरून झिजतं, त्यावर टोचे पडतात, शाई सगळीकडे सारखी लागत नाही. छापलेल्या अक्षरात पांढरे ठिपके राहतात. छपाई करणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष होता. आज तोच दोष पाहिला की आपल्याला 'जुनं, हाताने केलेलं, खरं' असं काहीतरी वाटतं.

कॉम्प्युटरवर अक्षरं एकदम स्वच्छ झाली आणि मग लोकांना अस्वच्छपणाची ओढ लागली. नेदरलँड्सचे युस्ट फान रॉसुम आणि एरिक फान ब्लोकलांड या जोडीने बेओवुल्फ नावाचा फॉन्ट केला. त्यात प्रिंटरला पाठवायच्या पोस्टस्क्रिप्ट कोडमध्येच यादृच्छिकपणा घातला होता, त्यामुळे एकच अक्षर दर वेळी थोडं वेगळं छापलं जायचं. फान ब्लोकलांड यांचा ट्रिक्सी हा फॉन्ट १९९१ चा. खऱ्या टाइपरायटरने उमटवलेल्या मळक्या अक्षरांवरून तो तयार केला होता. 'द एक्स-फाइल्स' या मालिकेच्या नावाची अक्षरं ती हीच.

फाइलच्या आत काय असतं?

फॉन्टमध्ये अक्षराचं चित्र पिक्सेलमध्ये साठवलेलं नसतं. असतात ते पॉइंट आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा. एक बंद रेषा म्हणजे एक कंटूर. साध्या फॉन्टमधल्या इंग्रजी ओला दोन कंटूर लागतात, एक बाहेरचा आणि एक आतल्या पोकळीचा. दोघांची दिशा उलट ठेवली की आतला भाग रिकामा आहे हे कॉम्प्युटरला समजतं.

आता याच ओवर पन्नास ओरखडे पाडा. प्रत्येक ओरखडा म्हणजे आणखी एक छोटी पोकळी, म्हणजे आणखी एक कंटूर. अक्षराची कडाही आता सरळ राहिली नाही, तिच्यावरही पॉइंट वाढले. डझन-दोन डझन पॉइंटमध्ये भागणारं अक्षर शेकड्यांत जातं. यातून तीन गोष्टी होतात.

पहिली, फाइल जड होते. वेबसाठीचा वॉफ२ हा फॉरमॅट चांगलं आकुंचन करतो, पण नियमित आकार जितका दाबला जातो तितका वेडावाकडा पोत दाबला जात नाही.

दुसरी, काढायला जास्त काम पडतं. एका शीर्षकाला फरक कळणार नाही, पण अख्खं पान या फॉन्टमध्ये केलं आणि त्यावर ॲनिमेशन लावलं तर स्वस्तातला फोन अडखळू शकतो.

तिसरी सगळ्यात मजेशीर. साध्या फॉन्टमध्ये एका अक्षराचं एकच चित्र असतं. त्यामुळे बलून या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले दोन एल आणि दोन ओ शेजारी-शेजारी आले की दोघांच्या अंगावर हुबेहूब तेच ओरखडे दिसतात. खरी झीज अशी कधीच नसते. डोळ्याला हे लगेच टोचतं आणि 'हा तर फॉन्ट आहे' असं कळून चुकतं. चांगल्या डिस्ट्रेस्ड फॉन्टमध्ये म्हणून एका अक्षराचे दोन-तीन पर्याय ठेवतात आणि ओपनटाइपच्या 'काल्ट' या सोयीने ते आलटून-पालटून लावतात. ब्राउझरमध्ये ही सोय आपोआप सुरू असते. फॉन्ट निवडताना तेच अक्षर चार वेळा टाइप करून बघा. चारही जुळे निघाले तर पर्याय नाहीत असं समजा.

किती मोठा वापरायचा? साधं गणित

फॉन्टमधलं अक्षर एका काल्पनिक चौकोनात काढतात. त्याची उंची बहुतेक वेळा १००० युनिट धरतात. समजा एक ओरखडा ८ युनिट रुंद आहे. पडद्यावर त्याची रुंदी किती पडेल ते असं काढायचं: ८ गुणिले फॉन्टचा आकार, भागिले १०००.

- १६ पिक्सेलवर: ०.१२८ पिक्सेल
- ४८ पिक्सेलवर: ०.३८४ पिक्सेल
- ९६ पिक्सेलवर: ०.७६८ पिक्सेल
- १२५ पिक्सेलवर: बरोबर १ पिक्सेल

एका पिक्सेलपेक्षा बारीक ओरखडा पडद्याला धड दाखवता येत नाही. मग तो भाग करडा होतो आणि अक्षर झिजलेलं दिसायच्या ऐवजी धुरकट दिसतं. म्हणजे लहान आकारात पोताचा फायदा शून्य, आणि वाचायला त्रास मात्र होतोच. ठळक डिस्ट्रेस्ड फॉन्ट ४८ पिक्सेलच्या खाली न्यायचाच नाही, हा हाताशी ठेवायला बरा नियम आहे.

कॉन्ट्रास्ट तपासणाऱ्या टूलवरही इथे पूर्ण भरवसा ठेवू नका. मोठ्या अक्षरांसाठी वेब सुलभतेचा निकष ३:१ असतो आणि टूल तो फक्त अक्षराचा रंग व मागचा रंग घेऊन मोजतं. अक्षराचा बराचसा भाग उडालेला आहे, हे त्याला कळत नाही. कागदावर पास झालेलं शीर्षक उन्हात फोनवर वाचता येईलच असं नाही.

वेबसाइटवर लावताना हमखास होणारा गोंधळ

रबिक डिस्ट्रेस्ड दिसायला जाड आहे, पण फाइलमध्ये त्याचं वजन रेग्युलर ४०० असं नोंदलेलं आहे. इकडे ब्राउझर एच-वन, एच-टू या शीर्षकांना आपणहून बोल्ड करतो. बोल्ड फाइल तर नाहीच. मग ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवून खोटा बोल्ड तयार करतो. अक्षर फुगलं की ओरखडे बुजतात, आणि ज्यासाठी फॉन्ट घेतला तेच गायब. उपाय एका ओळीचा आहे: त्या शीर्षकाला सीएसएसमध्ये 'फॉन्ट-वेट' ४०० द्या. शिवाय 'फॉन्ट-सिंथेसिस' ला 'नन' दिलं की ब्राउझर असा आगाऊपणा कधीच करत नाही.

दुसरं म्हणजे, एका शीर्षकासाठी पूर्ण फॉन्ट उतरवू नका. गुगल फॉन्ट्सच्या लिंकमध्ये 'टेक्स्ट' हा पॅरामीटर देऊन फक्त लागणारी अक्षरं मागवता येतात. दहा अक्षरांचा लोगो असेल तर फाइल एकदम छोटी होते. 'फॉन्ट-डिस्प्ले' ला 'स्वॅप' द्या, म्हणजे फॉन्ट पोचेपर्यंत साध्या फॉन्टमध्ये का होईना, शीर्षक दिसत राहील.

यात मराठी टाइप केलं तर?

रबिक डिस्ट्रेस्डमध्ये देवनागरी नाही. ब्राउझरला एखादं अक्षर दिलेल्या फॉन्टमध्ये सापडलं नाही की तो यादीतल्या पुढच्या फॉन्टकडे जातो, तिथेही नसेल तर फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या स्वतःच्या फॉन्टकडे. त्यामुळे 'दिवाळी सेल 50%!' असं लिहिलंत तर 'दिवाळी सेल' साध्या फॉन्टमध्ये येतं, आणि इंग्रजी आकडे, टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह तेवढं झिजलेलं दिसतं. अर्धं शीर्षक एका घरचं, अर्धं दुसऱ्या घरचं.

मग उपाय काय? गोलसर, ठळक देवनागरी फॉन्ट घ्यायचा आणि पोत आपण चढवायचा. फॉन्ट चांगले आहेत. मुंबईच्या एक टाइपचा बालू २ हा तर ४०० ते ८०० वजनात मोफत मिळतो, आणि ८०० मध्ये तो छान गुबगुबीत दिसतो. अडचण पुढे आहे, पोत चढवताना.

देवनागरीवर ओरखडा पडला की काय होतं?

देवनागरीत शब्दाचा अर्थ बऱ्याचदा एका टिंबावर किंवा एका तिरक्या रेघेवर उभा असतो. आपल्या पोताला ते टिंब आहे की नक्षी, हे माहीत नसतं. लग्नसराईत सगळीकडे दिसणारी पाटी घ्या: 'भांडी भाड्याने मिळतील'. पहिल्या शब्दावरचं टिंब ओरखड्यात गेलं की ती 'भाडी भाड्याने मिळतील' होते. पोत ओरखड्यांचा न घेता शिंतोड्यांचा घेतला तर उलटं होतं. एक शिंतोडा 'भाड्याने' वर बसला की झालं 'भांड्याने'.

कुठे काय हरवतं ते बघा:

- अनुस्वार: रंग चा रग, मांडी ची माडी, वंदन चं वदन. बोलीतल्या लेखनात तर 'घरं' आणि 'घर' मधला फरकच टिंबाचा आहे.
- रफार: मार्ग चा माग, दर्या ची दया.
- र जोडणारी तिरकी रेघ: प्रत ची पत.
- ब च्या पोटातली रेघ: बारा चा वारा, बार चा वार.
- शिरोरेषेतली फट: ध आणि भ यांच्या डोक्यावर रेषा तुटलेली असते, घ आणि म यांच्या डोक्यावर ती सलग असते. ओरखडा नेमका तिथे पडला की घर की धर, मात की भात असा घोळ होतो. जाड गोलसर फॉन्टमध्ये या अक्षरांचे बांधे आधीच जवळ येतात, म्हणून धोका वाढतो.
- अर्धा र: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दोन डोंगरांमधल्या. मराठीतला हा नाजूक 'ऱ्' पोतात सगळ्यात आधी जातो.

इंग्रजीतही ई ची मधली रेघ गेली तर तो सी दिसू शकतो, नाही असं नाही. पण तिथे अक्षराच्या वर-खाली स्वतंत्र खुणांचा असा थर नसतो. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, टिंब ही सगळी मंडळी अक्षराच्या भोवती लटकलेली असतात आणि आकाराने लहान असतात. शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यातही खिळ्याच्या बाहेर आलेला नाजूक भाग आधी तुटायचा. तिथे झीज टाळता येत नव्हती. आपण ती हौसेने करतोय, तेव्हा कुठे करायची हे आपल्या हातात आहे.

जागेचाही हिशेब लावू. समजा ठळक फॉन्टमध्ये टिंबाचा व्यास १५० युनिट आहे. पोतातला एखादा मोठा पोपडा १२० युनिटचा असेल, तर तो अक्षराच्या जाड दांड्यावर पडल्यावर काहीच बिघडत नाही, पण टिंबावर पडला तर टिंब संपलं.

फॉन्टच्या फाइलमध्येच पोत घालायचा म्हटलं तर आणखी एक अडचण येते. देवनागरीत शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढतात, म्हणून रेषा सलग दिसते. शिरोरेषेच्या टोकाशी एका अक्षरात भोक पाडलं तर शेजारचं अक्षर त्यावर चढून ते झाकून टाकतं. आणि टोकाची कडा खरबरीत केली तर प्रत्येक जोडावर टाका घातल्यासारखी खूण दिसते. म्हणून देवनागरी डिस्ट्रेस्ड फॉन्ट करणाऱ्याला शिरोरेषेची टोकं स्वच्छ ठेवावी लागतात. शिवाय जोडाक्षरांमुळे चित्रांची संख्या इंग्रजीपेक्षा बरीच जास्त, आणि प्रत्येकावर पोत तपासायचा. लॅटिनसाठी चालणारा फिल्टर इथे डोळे झाकून चालवता येत नाही.

मग मराठी शीर्षक असं करा

एका शीर्षकासाठी वेगळ्या फॉन्टची गरजच नाही. साधा फॉन्ट आणि त्यावर पोताचा मास्क, एवढ्यात काम होतं. मास्क म्हणजे जाळी: जाळीला भोक आहे तिथे अक्षर दिसत नाही.

१. बालू २ चं ८०० वजन घ्या. मोदक हा एक टाइपचाच आणखी जाड फॉन्ट सुंदर आहे, पण त्यात अक्षरांच्या पोकळ्या आधीच बारीक फटींसारख्या आहेत. ओरखडे आणि फटी वेगळ्या ओळखू येत नाहीत, म्हणून पोतासाठी तो टाळा.

२. पोताचं चित्र पारदर्शक पीएनजी हवं. सीएसएसच्या 'मास्क-इमेज' ला नेहमीच्या चित्रात पारदर्शकता लागते. काळा-पांढरा जेपीजी दिला तर काहीच झालेलं दिसणार नाही, आणि तुम्ही तासभर कोडमध्ये चूक शोधत बसाल.

३. चित्राचा वरचा पट्टा पूर्ण भरीव ठेवा. अनुस्वार, रफार, मात्रा, वेलांटीचं वळण हे सगळं शिरोरेषेच्या वर असतं. शिरोरेषा आणि तिच्या वरचा भाग झाकला गेला की निम्मा धोका तिथेच संपतो. दोन ओळींचं शीर्षक असेल तर प्रत्येक ओळीला वेगळा मास्क लावा.

४. मोठे पोपडे अक्षरांच्या जाड दांड्यांवर येतील असं चित्र सरकवा. ब, ष यांच्या आतल्या रेघा, खालचे उकार आणि र ची तिरकी रेघ मोकळी ठेवा.

५. जो शब्द माहीत नाही त्याच्याकडून वाचून घ्या. आपल्याला शीर्षक पाठ असतं, त्यामुळे गेलेलं टिंबही आपल्याला दिसत राहतं. शीर्षक फोनवर हातभर लांब धरून दुसऱ्याला विचारा, 'काय लिहिलंय?' तो क्षणभर थांबला तर पोत कमी करा.

या पद्धतीचे दोन फायदे आहेत. मास्क अख्ख्या ओळीवर पसरतो, म्हणून एकाच अक्षरावर तोच ओरखडा पुन्हा येत नाही. बलूनवाली अडचण इथे उद्भवतच नाही. आणि शीर्षक चित्र न बनता मजकूरच राहतं. गुगल ते वाचू शकतो, स्क्रीन रीडर बोलून दाखवू शकतो, कॉपी-पेस्ट होतं. छापायचं असेल तर हेच काम इंकस्केप किंवा गिंपमध्ये करता येईल.

छपाई आणि रेडियम

डिजिटल प्रिंट आणि फ्लेक्सवर बारीक पोत बऱ्यापैकी उतरतो. ७२ पॉइंटच्या अक्षरात ८ युनिटचा ओरखडा साधारण ०.२ मिलिमीटर पडतो. पण टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये इतकी बारीक पोकळी शाईने भरून जाऊ शकते, म्हणून तिथे मोठे आणि मोजके ओरखडे ठेवा.

रेडियम कटिंगसाठी मात्र डिस्ट्रेस्ड अक्षर देऊच नका. प्लॉटरचं पातं प्रत्येक कंटूरवरून फिरतं. पोतात शेकडो कंटूर असतील तर तेवढे तुकडे कापले जातात आणि ते चिमट्याने एकेक उचलायला रेडियमवाल्याला बसावं लागतं. कापून झाल्यावर जे तुकडे निघून येतील त्यात तुमचं टिंबही असू शकतं.

लायसन्सचं काय?

रबिक डिस्ट्रेस्ड, बालू २ आणि मोदक हे तिन्ही एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. दुकानाच्या पाटीवर, ॲपमध्ये, विकायच्या टी-शर्टवर, लोगोत, कुठेही वापरा, पैसे द्यायचे नाहीत. फॉन्टमध्ये बदलही करता येतो. फक्त नुसती फॉन्टची फाइल सुटी विकायची नाही, आणि बदललेला फॉन्ट वाटायचा असेल तर तो याच लायसन्सखाली वाटायचा.

फुकट फॉन्टच्या साइटवर मिळणाऱ्या अनेक डिस्ट्रेस्ड फॉन्टवर 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ग्राहकाच्या कामाला ते चालत नाहीत. झिपमधली लायसन्सची फाइल उघडून वाचायला दोन मिनिटं लागतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रबिक डिस्ट्रेस्ड वर्डमध्ये वापरता येतो का?*
हो. गुगल फॉन्ट्सवरून टीटीएफ फाइल उतरवून इन्स्टॉल करा. बोल्डचं बटण मात्र दाबू नका, कारण बोल्ड फाइल नसल्यामुळे इथेही खोटाच बोल्ड मिळेल.

*पोत करड्या छटांचा का नसतो?*
साध्या फॉन्टमध्ये एखादी जागा भरलेली असते किंवा रिकामी असते, अधलंमधलं काही नसतं. खऱ्या छटा हव्या असतील तर कलर फॉन्ट किंवा मास्क वापरावा लागतो. अर्धपारदर्शक पीएनजीचा मास्क लावला की छटा आपोआप मिळतात.

*जुना, युनिकोड नसलेला सजावटीचा मराठी फॉन्ट वापरला तर?*
छापील कामाला चालून जाईल. वेबवर नको. अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला निरर्थक अक्षरं दिसतात, आणि सर्चमध्येही काही सापडत नाही.

*एका पानावर असे किती फॉन्ट?*
एकच, आणि तोही फक्त मुख्य शीर्षकाला. खालचा मजकूर मुक्तासारख्या स्वच्छ फॉन्टमध्ये ठेवा.

थोडक्यात

रबिक डिस्ट्रेस्ड इंग्रजी शीर्षकासाठी चांगला आणि मोफत पर्याय आहे. आकार मोठा ठेवा, वजन ४०० च ठेवा. मराठीसाठी बालू २ आणि मास्क ही जोडी वापरा. अक्षराचं अंग हवं तितकं खरवडा, पण टिंब, रफार आणि शिरोरेषा यांना हात लावण्याआधी शब्द एकदा मोठ्याने वाचून बघा.